पंजाबहून आलेले हार्वेस्टर : पुढून पाहिलेले, मागून मोजलेले

यंदाच्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात नेवासे तालुक्यातील आमच्या पाच एकर गव्हाची सोंगणी आणि मळणी आम्ही पहिल्यांदाच भाड्याच्या पंजाबी हार्वेस्टरकडून करून घेतली. आजवर गुरांच्या भुशासाठी आम्ही विळ्याने सोंगून मळणी यंत्रातून गहू काढत होतो. पण एका एकराला आठ-दहा माणसे दिवसभर लागतात आणि या वर्षी तेवढी माणसे कोणत्याही मजुरीवर मिळाली नाहीत. या सेवेबद्दल मी लिहीत आहे ते शेतकऱ्याचा भाऊ म्हणून आणि गेली चाळीस वर्षे रस्त्याने जाणारे प्रत्येक ट्रॅक्टर व हार्वेस्टर वहीत टिपणारा हौशी माणूस म्हणूनही. ही हौस इथे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्यामुळे माझा पहिला अंदाज साफ चुकला.

यंत्राचा छाप आणि त्याच्या मालकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. जे दोष पुढे येतील ते यंत्राचे नव्हते आणि ज्या ऑपरेटरच्या हातून ते घडले त्याने निम्मे तरी निस्तरून दिले.

आमचे घर नगर-औरंगाबाद रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. घोडेगावच्या पुढे रस्त्याला एक मोरी होती आणि शाळा सुटल्यावर त्या मोरीच्या कठड्यावर बसून मी येणारी-जाणारी यंत्रे मोजत असे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की सोनई आणि भेंड्याच्या दिशेने दोन-दोन ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागायची; तो माझा सुगीचा काळ. ट्रॅक्टर दिसण्याआधी तो आवाजावरून ओळखायचा, असा नियम मी स्वतःलाच घालून घेतला होता. आयशरचे एका सिलिंडरचे हवेने थंड होणारे इंजिन सर्वांत सोपे : ते ठोके देत यायचे आणि दोन ठोक्यांमधली पोकळी लांबूनही कळायची. एचएमटी २५११ दोन सिलिंडरचे असल्यामुळे त्याचा ठोका जवळजवळ पडे, पण जोडी लपत नसे. मॅसी १०३५ आणि फोर्ड ३६०० ही दोन्ही तीन सिलिंडरची. त्यांच्यात माझी निम्म्या वेळा फसगत व्हायची आणि शेवटी फोर्डचा निळा रंग दिसल्यावरच निकाल लागायचा. महिंद्राचे जुने बी-२७५ चार सिलिंडरचे, त्याचा आवाज एकसंध, जणू जाड सतरंजी ओढत नेत आहेत असा.

आमच्या आजोबांना यातले काहीच पटत नसे. त्यांच्या लेखी ट्रॅक्टर म्हणजे 'फर्गिशन' आणि बाकी सारे त्याची नक्कल. मी मात्र पुढे नोकरीत लागल्यावर या यंत्रांच्या कुळी शोधत बसलो. १९५९ मध्ये फरिदाबादेत पहिला भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर बाहेर पडला, तो आयशर. महिंद्राने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशी भागीदारी केली, त्यातून बी-२७५ आले. म्हणजे ज्याला आमच्याकडे 'अस्सल देशी' म्हणून मान होता त्याचे मूळ परदेशी होते. एचएमटीचा ट्रॅक्टर चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा. खऱ्या अर्थाने देशात आखलेला ट्रॅक्टर म्हणजे स्वराज : दुर्गापूरच्या केंद्रीय संस्थेत आराखडा तयार झाला, १९७४ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सने स्वराज ७२४ बाजारात आणले आणि पुढे त्यांच्या इंजिनांसाठी पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सशी भागीदारी झाली. ही शेवटची गोष्ट मला कळली तेव्हा विनाकारण अभिमान वाटला होता. एचएमटीचे ट्रॅक्टर आता तयार होत नाहीत, पंजाब ट्रॅक्टर्स २००७ मध्ये महिंद्राकडे गेली आणि आमच्याच बाजूच्या पुणे जिल्ह्यात, सणसवाडीला, हिरव्या अंगाचे व पिवळ्या चाकांचे जॉन डिअर तयार होऊ लागले. माझ्या वहीतली पहिली पाने आता पुराणवस्तूंची यादी झाली आहेत.

हार्वेस्टर मात्र त्या मोरीवरून फार उशिरा दिसले. १९८० मध्येच स्वराज ८१०० हे देशी बनावटीचे स्वयंचलित हार्वेस्टर आले होते, परंतु मी पहिले हार्वेस्टर पाहिले ते १९९३ च्या मार्चमध्ये, संध्याकाळच्या वेळी. पुढची चाके माणसाच्या छातीएवढी, मागची लहान. वळण घेताना पुढचा भाग सरळ आणि मागचाच भाग बाजूला सरकतो, हे पाहून मला आधी वाटले की यंत्र घसरत आहे. हार्वेस्टर मागच्या चाकांवर वळते ही गोष्ट त्या दिवशी समजली. त्याची चौदा फुटी कापणीची पट्टी काढून, वेगळ्या गाड्यावर लांबीच्या दिशेने ठेवून मागे जोडलेली होती, कारण तशीच समोर लावली असती तर सारा रस्ता अडला असता. नंबर पीबी-११ ने सुरू होणारा, म्हणजे पतियाळ्याचा. त्यानंतर दरवर्षी मी नंबर आणि छाप टिपत गेलो : संगरूरचे पीबी-१३, लुधियान्याचे पीबी-१०, नाभ्याचे प्रीत, भादसोंचे करतार, मलेरकोटल्याचे दशमेश. नकाशात ही गावे मी शोधली ती हार्वेस्टरच्या पत्र्यावरची अक्षरे वाचून. आपण ज्याला हार्वेस्टर म्हणतो त्याला ते लोक कंबाइन म्हणतात, हेही तेव्हाच कळले.

ही यंत्रे आपल्याकडे का येतात याचे कारण साधे आहे. आपला गहू मार्चमध्ये वाळतो, पंजाबचा बैसाखीच्या सुमारास, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर. लाखो रुपयांचे यंत्र महिनाभर नुसते उभे ठेवण्यापेक्षा ते दक्षिणेकडे न्यायचे आणि पिकाबरोबर उत्तरेकडे परतत जायचे, हा त्यांचा हिशेब असतो. आपल्यासाठी याचा अर्थ असा, की आपण त्यांच्या वाटेवरचे एक ठिकाण असतो. परतीची तारीख जवळ आली की त्यांची घाई वाढते आणि ती घाई कामात उतरते. सेवा घेणाऱ्याने ही गोष्ट आधी लक्षात ठेवावी.

आता सेवेकडे येतो. हार्वेस्टर थेट मालकाकडून मिळत नाही, गावातला एक मध्यस्थ ते आणतो. त्याने एकरी २,२०० रुपये सांगितले, त्यात डिझेल आणि ऑपरेटर त्यांचे. माणसांचे दोन वेळचे जेवण आमचे. दराबद्दल माझी तक्रार नाही, सोंगणीची मजुरी आणि मळणीचे पैसे मिळून आम्हाला यापेक्षा जास्त पडले असते. तक्रार आहे ती वेळेबद्दल. 'परवा सकाळी' असे सांगून यंत्र पाचव्या दिवशी दुपारी आले. मधल्या काळात गहू उभाच वाळत राहिला आणि एका रात्री ढग गडगडले तेव्हा माझा भाऊ अंगणात येरझारा घालत होता. मध्यस्थाला फोन केला की तो एकच उत्तर देई, 'भाऊ, शेजारच्या गावात निम्मं रान राहिलंय, झालं की तुमच्याकडेच.' नंतर चौकशी केल्यावर असे समजले की त्याने एकाच यंत्राचे आगाऊ पैसे चौघांकडून घेतले होते. पैसे देण्याआधी ऑपरेटरशी स्वतः बोलून घेतले असते, तर निदान खरी तारीख तरी कळली असती.

यंत्र आले तेव्हा मात्र मी सगळे विसरलो. धूळ उडवत ते आमच्या बांधाशी आले, दोघा माणसांनी वीस मिनिटांत कापणीची पट्टी पुढे जोडली, पट्टे तपासले, ग्रीस भरले. पन्नाशी ओलांडलेला मी भावाच्या मुलाला, 'हे बघ, हा पट्टा ड्रमचा, हा पंख्याचा,' असे सांगत यंत्राभोवती फिरत होतो. रंग नवा होता, समोरचे चिन्ह चकचकीत होते, इंजिनाचा आवाज भरदार होता. माझ्या वहीच्या निकषांवर हे पहिल्या प्रतीचे यंत्र होते आणि मी भावाला तसे सांगितलेही.

पहिला फेरा पाहण्यासारखा होता, हे मान्य करायलाच हवे. पुढची फिरकी गव्हाला हळूच आत ओढते, पाती त्याला कापतात, कापलेला गहू साखळीवरून ड्रमकडे जातो. ड्रम आणि त्याखालची जाळी यांच्यामध्ये ओंब्या घासल्या जाऊन दाणा मोकळा होतो, चाळण्यांवर पंख्याचा वारा भुसा उडवतो आणि स्वच्छ दाणा टाकीत चढतो. काड मागच्या बाजूने झटकत-झटकत बाहेर पडते. हे सगळे चालत्या यंत्रात, एकाच वेळी. एका एकराला अर्ध्या तासाहून कमी वेळ लागला. आमच्या आजीच्या काळी याच शेताला पंधरा दिवस लागत असत, तेव्हा खळ्यावर बैल फिरायचे.

एवढी वर्षे मी हार्वेस्टर पाहत आलो ते पुढून : चिन्ह, नंबर, रंग, पट्टीची रुंदी. त्या दिवशी पुतण्या म्हणाला, 'काका, मागे बघा की, केवढे दाणे पडलेत.' मी मागे गेलो. काडाखाली दाणे दिसत होते, आणि त्याहून वाईट म्हणजे काडात अर्धवट झडलेल्या ओंब्या तशाच होत्या. चोळून पाहिल्या तर तळहातावर दाणे आले.

अशा वेळी नुसते 'खूप सांडले' म्हणून भागत नाही, मोजावे लागते. ते कसे मोजायचे ते सविस्तर सांगतो, कारण कोणालाही करता येईल. लाकडी पट्ट्यांची एक फूट लांब-रुंद चौकट करावी. यंत्राच्या मागे फक्त मधोमध ती ठेवून मोजू नये, कारण चौदा फुटांतले सगळे काड चार-साडेचार फुटांच्या पट्ट्यात बाहेर पडते आणि तिथे दाणे नेहमीच जास्त दिसतात. कापलेल्या पूर्ण रुंदीवर सात ठिकाणी चौकट ठेवून सरासरी काढावी. सुट्या दाण्यांबरोबर ओंब्यांत अडकलेले दाणेही मोजावेत आणि उभ्या पिकात आधीच गळालेले दाणे वजा करावेत. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात आणि गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ४० ग्रॅम भरते. म्हणजे चौरस फुटाला एक दाणा म्हणजे एकरी सुमारे पावणेदोन किलो. आमची सरासरी, गळालेले वजा करून, ३१ आली. याचा अर्थ एकरी ५४ किलो गहू जमिनीवर. आमचे उत्पन्न एकरी १८ क्विंटल धरले तर शंभरातले तीन दाणे गेले.

कारण शोधायला वेळ लागला नाही, कारण ते आमच्याच टाकीत होते. पहिली टाकी ट्रेलरमध्ये रिकामी केली तेव्हा गव्हात हरभऱ्याचे दाणे दिसले. ऑपरेटरला विचारल्यावर त्याने मोकळेपणाने सांगितले, की आदल्या दिवशी त्यांनी शेजारच्या गावात हरभरा काढला होता. फुले विक्रमसारखे उंच वाढणारे वाण आल्यापासून हरभराही हार्वेस्टरने निघतो, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु हरभऱ्याचा दाणा फुटू नये म्हणून ड्रम हळू चालवतात, ड्रम आणि जाळीतले अंतर वाढवतात. आणि दाणा जड असल्यामुळे पंख्याचा वारा मात्र जोरात ठेवता येतो. तीच मांडणी गव्हाला ठेवली की दोन्ही बाजूंनी नुकसान होते : हळू ड्रममुळे ओंब्या पुरत्या झडत नाहीत आणि जोरदार वाऱ्यामुळे हलका गहू भुशाबरोबर मागे उडतो. आमच्या पहिल्या एकराचे नेमके हेच झाले. उशीर झाला म्हणून घाईत त्यांनी यंत्र न बदलता थेट शेतात घातले होते.

इथे मला त्या ऑपरेटरचे कौतुकही करायला हवे. मी चौकट आणि मोजलेले दाणे दाखवले तेव्हा त्याने वाद घातला नाही. 'ठीक है जी, देखते हैं,' म्हणून त्याने यंत्र थांबवले, ड्रमचा वेग वाढवला, जाळी जवळ घेतली, पंख्याचा वारा कमी केला, दहा पावले चालवून स्वतः मागे येऊन काड चाचपले आणि पुन्हा एकदा जाळी किंचित आवळली. त्याच्या मदतनिसाचे वय वीसही नसेल; तो चाळण्यांखाली हात घालून अडकलेले हरभरे काढत होता. दुसऱ्या एकरात माझी सरासरी १२ दाण्यांवर आली, म्हणजे एकरी सुमारे २१ किलो. हा आकडा मला मान्य आहे. विळ्याने सोंगताना आणि पेंढ्या वाहताना आमचे याहून कमी सांडत असेल असे मला वाटत नाही. उरलेल्या चार एकरांचे काम चोख झाले, दाणा स्वच्छ आणि अखंड होता आणि पाच एकरांत सहा वेळा टाकी रिकामी करून अंधार पडण्याआधी सारे उरकले.

मात्र ज्यांना घरचे बी ठेवायचे आहे त्यांनी हार्वेस्टरच्या पहिल्या टाकीतले धान्य बियाण्यासाठी मुळीच ठेवू नये. टाकीच्या कोपऱ्यांत, साखळ्यांत, पाइपात आधीच्या शेतातला दाणा राहतोच. आम्हाला हरभरा दिसला कारण तो जाडा आणि वेगळा आहे. दुसऱ्या वाणाचा गहू मिसळला असता तर आम्हाला कळलेही नसते. तणाचे बी असेच एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाते.

भुशाचा प्रश्न सुटलेला नाही. आमच्याकडे गव्हाला पाटाचे पाणी असल्यामुळे शेतात सारे, म्हणजे वरंब्यांमधले लांब पट्टे, पाडलेले असतात, त्यांच्या वरंब्यांना पाती लागू नयेत म्हणून ऑपरेटर पट्टी उंच धरतो आणि वीतभर धसकट मागे राहते. काड शेतभर विखुरते. ते गोळा करायला भुसा करणारे वेगळे यंत्र आणावे लागते, त्याचे भाडे वेगळे, आणि तरीही मळणी यंत्रातून निघणाऱ्या भुशाइतका तो मिळत नाही. ज्यांच्या दावणीला चार-सहा जनावरे आहेत त्यांनी हा खर्च २,२०० रुपयांत मिळवूनच तुलना करावी. आम्ही दोन एकरांचे काड गोळा केले, उरलेले रोटाव्हेटरने जमिनीत मिसळले. ते पेटवून देण्याचा सल्ला मध्यस्थाने दिला होता. त्याकडे आम्ही लक्ष दिले नाही.

लहान तुकड्यांना ही सेवा सोयीची नाही, हेही सांगून ठेवतो. यंत्राला वळायला जागा लागते, कोपरे राहतात आणि ते विळ्यानेच सोंगावे लागतात; आमच्या पाच एकरांत असे सहा कोपरे राहिले. आठ टनांच्या आसपास वजनाचे हे यंत्र ओल्या रानात घातले तर माती दबते, म्हणून शेवटचे पाणी आणि काढणी यांत पुरेसे अंतर ठेवावे. सकाळी दव असताना काड चिवट असते, तेव्हा दहा वाजेपर्यंत यंत्र सुरू करू देऊ नये, मग ऑपरेटरने कितीही घाई केली तरी.

पैशांचा हिशेब शेवटी मध्यस्थाशी झाला. पहिल्या एकराच्या नुकसानीबद्दल आम्ही ५०० रुपये कमी दिले, तो कुरकुरला, पण मोजलेल्या दाण्यांचा कागद त्याच्यासमोर ठेवल्यावर गप्प बसला. ऑपरेटरने जाताना भावाला स्वतःचा नंबर दिला आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीअखेर थेट फोन करायला सांगितले. पाच गुण द्यायचे झाले तर यंत्राला साडेचार, ऑपरेटरला चार, मध्यस्थाला एक. पुढच्या वर्षी आम्ही हीच सेवा घेणार आहोत. फक्त यंत्र आधी कोणत्या पिकातून येत आहे ते विचारून, रिकामे यंत्र दोन मिनिटे चालवून घेऊन, आणि चौकट हातात धरून.

रात्री आठच्या सुमारास पट्टी पुन्हा गाड्यावर चढवून ते औरंगाबादच्या दिशेने निघाले. मी सवयीने मोरीपर्यंत गेलो आणि वहीत नंबर टिपला. आईने पहिल्या टाकीच्या गव्हातून निवडलेला हरभरा साधारण अर्धा किलो भरला. दुसऱ्या दिवशी त्याची उसळ झाली.